आधी जागा, मग स्पीकर

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातले सगळे संगीत आता फोन आणि लॅपटॉपवरूनच वाजते, खोली सुमारे 4 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद आहे, जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर ठेवायला जागा नाही, आणि लहान स्पीकर निवडायला गेले की वॅटचे आकडे, ब्लूटूथचे निरनिराळे प्रकार आणि ‘हाय-रेझ’चे शिक्के यांच्या गर्दीत काय पाहावे हेच कळत नाही. गेली पंचवीस वर्षे मी स्पीकर दुरुस्त करण्याचे आणि लोकांच्या घरी ते बसवून देण्याचे काम करतो. या काळात एक गोष्ट वारंवार दिसली आहे. स्पीकर कोठे ठेवायचा आणि ऐकणारा किती अंतरावर बसणार, हे लोक सर्वांत शेवटी विचारतात, आणि तेच सर्वांत आधी ठरवायचे असते. ज्याची चिंता सर्वाधिक केली जाते तो ‘डिजिटल’ भाग मात्र बराचसा सुटलेला प्रश्न आहे. म्हणून तो आधी हातावेगळा करतो.

सीडी 1982 मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी सेकंदाला 44,100 नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापे) आणि प्रत्येक नमुन्याला 16 बिट असे मान ठरले. त्यातून सुमारे 22 किलोहर्ट्झपर्यंतचा स्वर आणि सुमारे 96 डेसिबलचा चढउतार पकडता येतो. माणसाच्या कानाची वरची मर्यादा तरुणपणी 20 किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येत जाते, त्यामुळे घरातल्या ऐकण्यासाठी ही साठवण पुरून उरते. ‘हाय-रेझ ऑडिओ’ असा शिक्का मिळवायचा तर स्पीकरने 40 किलोहर्ट्झपर्यंत वाजले पाहिजे अशी अट असते. ती पूर्ण करणारा स्पीकर वाईट असतो असे नाही, परंतु ज्या भागात आपल्याला काही ऐकूच येत नाही त्या भागातील कर्तबगारीवरून निवड करणे योग्य नव्हे. स्ट्रीमिंग सेवेच्या सेटिंगमध्ये गुणवत्ता ‘लॉसलेस’ (म्हणजे मूळ आवाजातले काहीही न गाळता) किंवा निदान सेकंदाला 256 ते 320 किलोबिट इतकी ठेवली की स्रोताची बाजू झाली.

ब्लूटूथबद्दलही हेच म्हणावे लागेल. एसबीसी हा त्यातला सर्वांत जुना आणि प्रत्येक उपकरणात असणारा प्रकार सेकंदाला सुमारे 328 किलोबिटपर्यंत जातो, एलडीएसी हा नंतरचा प्रकार 990 पर्यंत जातो, आणि दोहोंत फरक आहेही. मात्र तो फरक आणि स्पीकर भिंतीपासून अर्धा फूट सरकवल्याने पडणारा फरक यांची तुलनाच होऊ शकत नाही. ब्लूटूथची खरी अडचण वेगळी आहे. फोन खोलीबाहेर नेला की गाणे तुटते, मध्येच संदेशाची घंटी वाजते, आणि चित्रफीत पाहताना ओठ आधी हलून शब्द मागून येऊ शकतात. वाय-फायवर चालणारा स्पीकर गाणे थेट राउटरमार्फत घेतो, त्यामुळे त्यात फोनचे काम केवळ निवड करण्यापुरते राहते. रोज ऐकणाऱ्याला ते सोयीचे पडते.

आता स्पीकरकडे वळू. स्पीकर लहान केला की सर्वप्रथम खर्ज जातो. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, पडदा हवा ढकलतो, आणि तितकाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते. 100 हर्ट्झला जो पडदा 1 मिलिमीटर हलतो त्याला 50 हर्ट्झला 4 मिलिमीटर हलावे लागेल. लहान पडद्याला इतकी मोकळीक नसते, आणि लहान खोक्यातली कोंडलेली हवा त्याला मागे रेटत असते. या व्यवसायात जोसेफ अँटन हॉफमन या स्पीकर-तज्ज्ञांच्या नावाने एक नियम सांगितला जातो: लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. एडगर विल्चर या अमेरिकी संशोधकांनी 1954 मध्ये एआर-1 हा बंद खोक्याचा स्पीकर आणला, तेव्हा खोका बराच आटोपशीर झाला आणि खर्जही मिळाला, परंतु त्याची किंमत म्हणून अॅम्प्लिफायरला जास्त राबावे लागले. आजचे लहान स्पीकर त्याच सौद्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत.

खोका दोन प्रकारचा असतो. बंद खोक्यात ठरावीक मर्यादेखाली खर्ज सप्तकामागे सुमारे 12 डेसिबलने उतरतो. पोर्ट, म्हणजे नळीसारखे भोक असलेल्या खोक्यात तो जरा आणखी खालपर्यंत टिकतो आणि मग सुमारे 24 डेसिबलने कोसळतो. पोर्टवाला स्पीकर दुकानात अधिक भरदार वाटतो. पण तोच भिंतीला टेकवून ठेवला की घुमू लागतो, आणि आवाज वाढवल्यावर नळीतून हवेचा फसफस असा आवाजही येऊ शकतो. लहान खोलीत, भिंतीजवळ ठेवायचा असेल तर मी बंद खोका किंवा पुढच्या बाजूला पोर्ट असलेला खोका सुचवतो. पुढचा पोर्ट ही काही जादू नव्हे, कारण खर्ज चहूकडे पसरतोच. मात्र मागच्या नळीसारखी ही नळी भिंतीने बुजत नाही, इतका फायदा निश्चित होतो.

खर्ज किती हवा, हे कोणते संगीत ऐकले जाते त्यावर ठरते. बेस गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झला आणि पियानोची सर्वांत खालची पट्टी 27.5 हर्ट्झला वाजते, तर पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सामान्यतः 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. 13 सेंटिमीटरचा वूफर असलेला चांगला लहान स्पीकर 60 हर्ट्झच्या आसपासपर्यंत प्रामाणिकपणे वाजतो. त्याखाली तो गप्प असतो, तरीही आपल्याला बेस गिटार ऐकू येते, कारण मूळ स्वर हरवला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून (म्हणजे दुप्पट, तिप्पट कंपनांच्या सोबतच्या स्वरांवरून) कान तो मनाने भरून काढतो. तानपुऱ्यातही आपण जो नाद ऐकतो त्यातला फार मोठा भाग उपस्वरांचाच असतो, म्हणून लहान स्पीकरवर तानपुरा अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगला वाजतो. बीबीसीने 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये बसवण्यासाठी एलएस3/5ए हा जेमतेम 30 सेंटिमीटर उंचीचा बंद खोक्याचा स्पीकर तयार केला. त्याला खोल खर्ज नव्हताच, पण मानवी आवाज तो इतका खरा सांगत असे की पुढे तो असंख्य घरांत गेला. 100 हर्ट्झच्या जरा वर दिलेला किंचित उठाव खर्ज असल्याचा भास करून देई. लहान स्पीकरने हीच लबाडी करावी. 40 हर्ट्झची बढाई मारू नये.

हल्लीचे काही अगदी लहान स्पीकर ही बढाई मारतातही, आणि हलक्या आवाजात ती खरी करून दाखवतात. आत बसवलेला प्रोसेसर खर्ज वाढवतो आणि आवाज वाढला की वूफर फाटू नये म्हणून गुपचूप कमी करतो. हे तंत्र वाईट नाही. तथापि ते कोठे संपते हे विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे. दमदार खर्ज असलेले एखादे गाणे हळू लावावे आणि आवाज टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा. ज्या टप्प्यावर गायकाचा आवाज मोठा होतो पण खर्ज तेथेच थबकतो, ती त्या स्पीकरची खरी मर्यादा होय. आपण रोज ज्या आवाजात ऐकतो त्याच्या वर ती असली म्हणजे पुरे.

माहितीपत्रकातल्या आकड्यांमध्ये वॅट हा सर्वांत दिशाभूल करणारा आकडा आहे. साधा हिशेब मांडू. लहान स्पीकरची संवेदनशीलता बहुधा 85 डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर 85 डेसिबल मिळतात. 2 मीटरवर मोकळ्या जागेत त्यातले 6 डेसिबल जातात, बंद खोलीत त्याहून थोडे कमी. दोन स्पीकर असल्यामुळे सुमारे 3 परत मिळतात. म्हणजे केवळ एकेका वॅटवर बसल्या जागी 82 ते 84 डेसिबल होतात. घरात सावकाश ऐकताना सरासरी पातळी 70 ते 75 डेसिबल असते आणि क्षणिक उसळ्या तिच्या 15 डेसिबल वर गेल्या तरी 5 वॅटमध्ये काम भागते. वॅट दुप्पट केल्याने केवळ 3 डेसिबल वाढतात, त्यामुळे 40 आणि 80 वॅटमधला फरक घरात जेमतेम जाणवेल. हजारो वॅटचे ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला आकडा, छापलेले दिसले तर खोका परत फडताळावर ठेवून द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्यासाठी 80 डेसिबल आणि आठवड्याला 40 तास अशी मर्यादा सांगितली आहे, हे वॅट मोजणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

‘45 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ असे लिहिले असेल तर पुढे ‘अधिक-उणे 3 डेसिबल’ आहे का ते पाहावे; ते नसेल तर त्या ओळीला फारसा अर्थ नाही, कारण 45 हर्ट्झला आवाज 10 डेसिबलने पडलेला असला तरी तो ‘आहे’ असे म्हणता येतेच. ओहमची, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अडथळ्याची, काळजी अॅम्प्लिफायर वेगळा असेल तरच करावी.

मग स्पीकर चांगला कशावरून ओळखायचा? फ्लॉइड टूल या ध्वनिसंशोधकांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन कंपनीत अनेक वर्षे पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. कोणता स्पीकर वाजतो आहे हे दिसत नसताना बहुतेक लोकांची पसंती आश्चर्य वाटावे इतकी जुळते. समोरून ज्याचा प्रतिसाद सपाट असतो (म्हणजे खालचे-वरचे स्वर सारख्याच जोराने येतात), आणि बाजूला सरकल्यावर जो एकसारखा, खाचखळगे न पडता उतरत जातो, तो स्पीकर लोकांना आवडतो. बाजूचा आवाज महत्त्वाचा असतो, कारण खोलीत आपण जे ऐकतो त्यातला मोठा वाटा भिंतींवरून परतलेल्या याच आवाजाचा असतो. अशा मोजमापांचे आलेख सीटीए-2034 या प्रमाणाप्रमाणे काही उत्पादक देतात. ते मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास बातम्या वाचणाऱ्याचा आवाज लावून स्पीकरसमोर उभे राहावे आणि सावकाश एका बाजूला चालत जावे. आवाज थोडा मंद होत जाणे ठीक आहे, पण तो एकाएकी नाकातला किंवा डब्यातला झाला तर वूफर आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा लहान पडदा) यांचा सांधा नीट जमलेला नाही असे समजावे.

एक खोका की दोन, याचे उत्तर ऐकण्याच्या पद्धतीत आहे. स्वयंपाक करताना, आवराआवर करताना जे संगीत सोबतीला असते त्यासाठी एक बरा खोका पुरतो. पण बसून ऐकायचे असेल तर दोन हवेतच. स्टीरिओची मूळ कल्पना अॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्यांनी 1931 मध्ये पेटंटसाठी मांडली, ती दोन वेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या आवाजांवरच उभी आहे. एकाच खोक्यात 20 सेंटिमीटरवर बसवलेले दोन पडदे 3 मीटरवरून एकच बिंदू वाटतात.

अॅम्प्लिफायर आत असलेली, म्हणजे अॅक्टिव्ह जोडी घ्यावी की वेगळा अॅम्प्लिफायर आणि पॅसिव्ह जोडी? घरात आधीपासून बरा अॅम्प्लिफायर नसेल तर अॅक्टिव्ह जोडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीत प्रत्येक पडद्याला जुळणारा अॅम्प्लिफायर उत्पादकच बसवतो, प्रतिसाद दुरुस्त करून देतो आणि तारांचा पसाराही कमी होतो. तिचा दोष दुरुस्तीच्या टेबलावर दिसतो. पॅसिव्ह स्पीकरमध्ये बिघडण्यासारखे फारसे नसते. फोमची कड दहा-वीस वर्षांत झडते, ती बदलता येते, आणि रबरी कड त्याहून जास्त टिकते. अॅक्टिव्ह स्पीकर मात्र विजेच्या भागासाठी किंवा एखाद्या चिपसाठी माझ्याकडे येतात. त्याहून वाईट अनुभव एका वाय-फाय जोडीचा आला: तिचे पडदे ठणठणीत होते, अॅम्प्लिफायर शाबूत होता, परंतु उत्पादकाने अॅप बंद केल्यामुळे घरात आलेला नवा राउटर तिला सांगताच येईना. मागच्या बाजूला एक साधी अॅनालॉग खाच होती म्हणून ती जोडी वाचली आणि आजही एका जुन्या लॅपटॉपला तारेने जोडलेली वाजते आहे. तेव्हापासून तारेची एक तरी खाच नसलेला स्पीकर मी कोणालाही सुचवलेला नाही. शक्य असल्यास ऑप्टिकल खाचही पाहावी. तिच्यातून प्रकाश जातो, त्यामुळे लॅपटॉपची विजेची गुणगुण तारेवाटे स्पीकरात शिरत नाही. टेबलावर, हाताच्या अंतरावर ठेवायचा स्पीकर असेल तर गाणे बंद करून कान जवळ न्यावा आणि सततचा ‘स्स्’ आवाज किती आहे ते ऐकावे. 2 मीटरवर तो कळत नाही, टेबलावर मात्र शांत रात्री डोके उठवतो.

राहिली जागा. ‘बुकशेल्फ स्पीकर’ हे नाव ज्याने ठेवले त्याने पुस्तकांचे भले केले असेल, स्पीकरचे नाही. यांतले पुष्कळसे कपाटाबाहेर, मोकळ्यावर उभे राहण्यासाठीच जुळवलेले असतात. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटरची असते, ती खोक्याच्या मागेही तितकीच जाते आणि भिंतीवरून परत येते. वूफरचा पडदा मागच्या भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर असेल तर परतलेली लहर 143 हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीच्या उलट पडते, आणि नेमका पुरुषी आवाजाचा भरदारपणा तेथे खचतो. अंतर 30 सेंटिमीटर केले तर हा खड्डा 286 हर्ट्झकडे सरकतो, आणि वरच्या बाजूला स्पीकर पुढच्या दिशेनेच अधिक वाजू लागत असल्याने तो उथळही होतो. म्हणून लहान खोलीत एक तर स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ ठेवावा आणि मागचे ‘बेस’ बटण एक-दोन घरे कमी करावे, किंवा जमत असेल तर चांगला मीटरभर पुढे आणावा. अधलेमधले अंतर बहुधा त्रासाचे ठरते. कपाटातच ठेवणे भाग असेल तर खोक्याचे तोंड फळीच्या कडेच्या बरोबरीला आणावे आणि आजूबाजूची पोकळी पुस्तकांनी भरावी.

खोलीचेही स्वतःचे सूर असतात. 4 मीटर लांबीत 43 हर्ट्झला आणि 3 मीटर रुंदीत 57 हर्ट्झला हवा झुलू लागते. मागच्या भिंतीला डोके टेकवून बसले तर त्यांतला पहिला फुगलेला ऐकू येतो आणि लांबीच्या बरोबर मध्यावर बसले तर तोच जवळजवळ नाहीसा होतो. लहान स्पीकरला एक फायदा असा की 43 हर्ट्झला तो मुळात फारसा बोलतच नाही, त्यामुळे मोठ्या स्पीकरने जी खोली दुमदुमून गेली असती ती त्याच्यामुळे शांत राहते. सबवूफर, म्हणजे फक्त खोल खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, घ्यायचाच असेल तर दोनतीन महिने जोडी ऐकून मगच घ्यावा, आणि 80 हर्ट्झच्या आसपास काम वाटून द्यावे: खालचे त्याला, वरचे जोडीला.

ऐकून निवडताना दोन्ही जोड्यांचा आवाज समान पातळीवर आणल्याशिवाय मत बनवू नये. जी जोडी एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठी वाजते तीच अधिक स्वच्छ आणि जिवंत वाटते. हा कानाचा स्वभाव आहे आणि विक्रेत्यांना तो चांगला ठाऊक असतो. फोनवरच्या एखाद्या साध्या डेसिबल-मापकानेही दोन जोड्यांतला फरक समजतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवले होते, म्हणून रात्री हळू ऐकणाऱ्याने दुकानातही हळूच ऐकावे. एक एकट्या गळ्याचे गाणे, एक दाट वाद्यमेळ आणि एक तबल्याचा डावा हात स्पष्ट ऐकू येईल असे काहीतरी, इतके सोबत न्यावे. डाव्याच्या घुमाऱ्यात प्रत्येक मींड वेगळी कळली पाहिजे. सगळे ठोके एकाच सुरात ‘धुम्म’ येत असतील तर तो खर्ज खोक्याचा आहे, वाद्याचा नव्हे.

या खोलीपुरते बोलायचे तर स्पीकर 3 मीटरच्या भिंतीकडे, एकमेकांपासून सुमारे 1.7 मीटरवर आणि कोपऱ्यांपासून दोन्हीकडे सारखे अंतर सोडून ठेवावेत. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा, खोके किंचित आत वळवावेत, आणि बैठक स्पीकरपासून 2 मीटरहून थोडी अधिक पण मागच्या भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढे असावी. 13 सेंटिमीटरच्या वूफरची, बंद खोक्याची किंवा पुढे पोर्ट असलेली अॅक्टिव्ह जोडी, मागे खर्ज कमी करण्याची सोय, एक ऑप्टिकल आणि एक अॅनालॉग खाच, आणि वर वाय-फाय किंवा ब्लूटूथ जे असेल ते. इतके पाहिले की उरलेली निवड कानावर सोपवता येते. मात्र दुकानात जाण्यापूर्वी पुठ्ठ्याची दोन खोकी साधारण त्या मापाची शोधून त्याच जागी चार दिवस ठेवावीत. दार उघडताना त्यांतले एखादे आडवे येत असेल, किंवा घरातले कोणी ते रोज भिंतीकडे सरकवत असेल, तर जागेचा विचार पुन्हा करावा लागेल.